रामबाण लागला कोणाला? (वाचकांचे प्रश्न)

या वेळी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप मिळून एवढा ढीग साठलाय की निम्म्यांना उत्तर देणंच शक्य नाहीये, ज्यांचे राहिले त्यांनी कृपया रागावू नका, पुढच्या महिन्यात घेऊ. बहुतेकांनी सोबत बातमीचं कात्रण नाहीतर फॉरवर्ड जोडलाय आणि मथळा जवळपास सगळीकडे एकच, 'शास्त्रज्ञांना सापडला अमुक रोगावर रामबाण उपाय'. अशी बातमी हातात आली की मी आधी एकच गोष्ट शोधते, हा रामबाण लागला नेमका कोणाला? प्लेटमधल्या पेशींना, उंदराला, की माणसाला? बातमीत ते असतं, पण शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि फॉरवर्ड होता होता नेमकी तीच ओळ गळते. चला, सुरू करू.

कोथरूडहून एक काकू विचारतात: आमच्या भिशीच्या ग्रुपवर आलंय की हळदीतल्या कर्क्युमिननं कॅन्सरच्या पेशी एका दिवसात मरतात हे लॅबमधे सिद्ध झालंय. माझ्या जावेला ब्रेस्ट कॅन्सर आहे, केमो चालू आहे, आणि तिचा मुलगा ऑनलाइन कर्क्युमिनच्या कॅप्सूल मागवून तिला देतोय. देऊ दे का? आणि सिद्ध झालंय तर डॉक्टर का देत नाहीत, औषध कंपन्यांचा डाव आहे का?

काकू, आधी कॅप्सूलचं. पुढच्या केमोला जाताना ती बाटली सोबत घेऊन जा आणि ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा, त्यांना विचारल्याशिवाय एकही पुढची नको. भाजीतली हळद, दुधातली हळद याला कोणी नाही म्हणत नाही, पण या कॅप्सूलमधे कर्क्युमिन अंगी लागावं म्हणून बऱ्याचदा मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं, आणि पायपरिन लिव्हरमधल्या ज्या एन्झाइम्सना अडवतं तीच एन्झाइम्स केमोची कितीतरी औषधं शरीरातून काढायचं काम करतात. म्हणजे औषधाचा डोस कागदावर एक आणि रक्तात दुसराच. शिवाय हळदीच्या सप्लिमेंट्समुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आता मेडिकल जर्नल्समधे नोंदलेल्या आहेत.

आता 'लॅबमधे सिद्ध झालं' म्हणजे काय झालं ते बघा, कारण हे एकदा डोळ्यासमोर आलं की असे निम्मे फॉरवर्ड आपोआप निकालात निघतात. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात ९६ खळगे, एकेका खळग्यात गुलाबी रंगाचं पोषक द्रव आणि तळाला चिकटलेल्या काही हजार कॅन्सरच्या पेशी. प्लेट ३७ डिग्रीला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमधे. वरून तुमचं कर्क्युमिन घालायचं, दिवस दोन दिवस थांबायचं, मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत, मग मशिन जांभळा रंग मोजतं आणि किती मेल्या तो आकडा मिळतो. झालं सिद्ध. आता याच खळग्यात तुम्ही मीठ जास्त घाला, व्हिनेगर घाला, फरशी पुसायचं फिनेल घाला, पेशी मरतातच हो! प्रश्न असा असतो की निरोगी पेशींना न मारता, आणि रक्तात खरोखर पोचू शकेल एवढ्या कमी प्रमाणात, त्या मरतात का.

कर्क्युमिनची गोची इथेच आहे. हळदीत ते असतं वजनाच्या साधारण ३ टक्के, त्यातलं आतड्यातून रक्तात फार थोडं जातं, आणि जातं तेही लिव्हर लगेच रूप बदलून बाहेर टाकतं. प्लेटमधल्या पेशींना जेवढं मिळालं तेवढं कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवायचं कसं हा प्रश्न कोणालाच नीट सुटलेला नाही. दुसरी गंमत म्हणजे कर्क्युमिन स्वतः प्रकाशात चकाकतं, प्रोटीन दिसेल त्याला चिकटतं, त्यामुळे प्रकाश मोजून निकाल देणाऱ्या बऱ्याच टेस्ट ते फसवतं. सोसायटीच्या मिटिंगमधे विषय कुठलाही असो, हात वर करणारे एक गृहस्थ असतात ना, तसलं हे रसायन, प्रत्येक टेस्टमधे 'मी आहे' म्हणतं. २०१७ साली अमेरिकेतल्या काही औषध-रसायनशास्त्रज्ञांनी यावरचं सगळं संशोधन एकत्र करून तपासलं, तोवर माणसांवर १२० पेक्षा जास्त ट्रायल झालेल्या, आणि रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही कळू न देता खोट्या गोळीशी तुलना केलेली एकही ट्रायल यशस्वी ठरलेली त्यांना सापडली नाही. म्हणजे कंपन्यांनी दाबून ठेवलंय असं नाहीये काकू, उलट जगानं यावर अफाट पैसा घातलाय आणि हाताला फारसं लागलेलं नाही.

डावच म्हणाल तर हळदीवर एकदा खरंच झाला होता, पण तो वेगळा. १९९५ मधे अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं चक्क पेटंट मिळालं होतं. तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, म्हणजे आपल्या पाषाणच्या एनसीएल या रसायन प्रयोगशाळेचे आधीचे डायरेक्टर. त्यांच्या टीमनं जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय पेपर असे पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मधे पेटंट रद्द झालं. त्यांचं म्हणणं हळद सगळं बरं करते असं नव्हतं, हे आम्हाला आधीपासून माहिती आहे, नवीन काय, एवढंच होतं.

बाणेरहून, पहिलं बाळ येऊ घातलेलं जोडपं: नाळेतलं रक्त साठवणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला, म्हणाला पुढे बाळाला ८० रोग झाले तरी याच स्टेम सेल्सनी बरे होतील. लाखाच्या आसपास खर्च आहे. साठवावं का?

माझ्या मते नको. स्वतःच्या बाळासाठी 'विमा' म्हणून नाळेतलं रक्त खाजगी बँकेत ठेवायला शास्त्रीय आधार नाही अशी आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचीच भूमिका आहे. त्या ८० मधले बरेच रोग जन्मजात जीनमधले, थॅलसेमियासारखे, म्हणजे बाळाला तो असेल तर साठवलेल्या रक्तातही तोच बिघडलेला जीन असणार, मग ते वापरून काय उपयोग? घरात आधीच्या मुलाला असा आजार आहे आणि येणाऱ्या बाळाचे सेल्स त्याला चालू शकतात अशी परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हिमॅटॉलॉजिस्टशी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांशी बोला. नाहीतर तेच पैसे बाळाच्या नावानं एफडीत टाका. अभिनंदन, बाकी!

जुन्नर तालुक्यातून: मॅडम नमस्कार. मागच्या पावसाळ्यात माझ्या मेव्हण्याला रात्री उसाला दारं धरताना घोणस चावली. दवाखान्यात नेला, सापाची लस चालू केली तर अंगभर गांधी उठल्या, हुडहुडी भरली, श्वास लागला, मग डॉक्टरांनी दुसरी इंजेक्शनं देऊन सावरला. पुढं डायलिसिस पण लागलं, आता बरा आहे. पेपरात आलं होतं की घोड्याशिवाय लॅबमधे लस तयार झाली आणि ती सगळ्या सापांना चालते. आपल्याकडं कधी येणार? तोवर घरात काय ठेवता येईल?

दादा, घोणस चावून, किडनीवर येऊन माणूस उठून बसला म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी आणि तुम्ही वेळेत नेलंत त्यानं काम केलं. घरात ठेवण्यासारखं काही नाही. ती लस शिरेतून द्यावी लागते, आणि मेव्हण्यांना झालं तसं कोणालाही होऊ शकतं म्हणून शेजारी ॲड्रेनॅलिनची सिरिंज भरून तयार ठेवावी लागते, हे गोठ्यात किंवा ओसरीवर होण्यासारखं काम नाही. करायचं ते एवढंच की घट्ट आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, हात-पाय जो असेल तो हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन नाहीतर मिळेल त्या गाडीनं लस असलेला दवाखाना. साप मारून सोबत न्यायची पण गरज नाही, कारण आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असते. डॉक्टर ठरवतात ते लक्षणांवरून, आणि घोणशीसाठी एक फार साधी टेस्ट आहे, मेव्हण्यांची केलीच असेल. कोरड्या स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमधे थोडंसं रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं हात न लावता टेबलावर उभं ठेवायचं. मग ट्यूब एकदाच तिरकी करायची. रक्त गोठून तळाला बसलेलं असलं तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विषानं रक्त गोठायची यंत्रणाच खाऊन टाकलीये, लस चालू करा. ना मशिन, ना वीज! मला स्वतःला अख्ख्या मेडिकल लॅबमधली ही सगळ्यात आवडती टेस्ट आहे.

आता गांधी का उठल्या. सापाचं विष अगदी थोडं थोडं वाढवत घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात, मग त्याचं रक्त काढून त्यातला प्लाझ्मा घेतात, अँटिबॉडीज पेप्सिननं कापून स्वच्छ करतात आणि पावडर करून बाटलीत भरतात. आपल्या पिंपरीला हाफकिनचं हेच काम चालतं. ही कल्पना १८९० च्या दशकातली, फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेतची, आणि मूळ पद्धत अजून तीच आहे. अडचण अशी की घोड्याच्या रक्तात विषाला धरणाऱ्या अँटिबॉडीज थोड्याच, बाकीच्या त्यानं आजवर ज्या ज्या जंतूंना तोंड दिलं त्यांच्याविरुद्धच्या, त्यामुळे एका माणसाला सुरवातीलाच ८ ते १० बाटल्या द्याव्या लागतात. म्हणजे परक्या प्राण्याचं एवढं प्रोटीन एकदम शिरेत, मग शरीर बिथरणारच. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आणि सांधेदुखी येते तीही याचमुळे. दुसरी अडचण, लस बनवायला लागणारं बहुतेक विष येतं तमिळनाडूत चेन्नईजवळच्या इरुला लोकांच्या सोसायटीकडून, ही मंडळी साप धरण्यात पिढ्यान्पिढ्या तरबेज. पण घोणशीचं विष भागाभागानुसार बदलतं, पिल्लाचं वेगळं मोठ्याचं वेगळं, त्यामुळे एकाच भागातल्या विषावर तयार केलेली लस सगळीकडे सारखी चालेल असं नाही. यावर बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत बरंच काम झालंय.

पेपरातलं तुम्ही वाचलंत ते बहुतेक या तीनपैकी एक असणार. २०२४ मधे अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था आणि तीच आयआयएससी यांनी मिळून लॅबमधे तयार केलेल्या अब्जावधी मानवी अँटिबॉडीजमधून एक निवडली. नाग-मण्यारीच्या विषातलं एक टॉक्सिन मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या जागेला जाऊन चिकटतं, त्यानंच पापण्या जड होतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. ही अँटिबॉडी त्या टॉक्सिनला वाटेतच धरते. नागराज आणि आफ्रिकेतला काळा मांबा यांच्या विषापासून उंदीर वाचले. मग जानेवारी २०२५ मधे डेव्हिड बेकर, ज्यांना २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, त्यांच्या गटानं कंप्युटरवर एआय वापरून निसर्गात नसलेली छोटी प्रोटीन्स डिझाइन केली, काम तेच, टॉक्सिनला धरायचं, परत उंदीर वाचले. आणि मे २०२५ मधलं तिसरं म्हणजे सिनेमाच. अमेरिकेतल्या एका माणसानं कितीतरी वर्षं स्वतःला वेगवेगळ्या सापांचं विष टोचून घेतलं (दादा, हे कोणी करू नका रे बाबांनो), त्याच्या रक्तातून दोन अँटिबॉडीज काढल्या, जोडीला व्हॅरेस्प्लॅडिब नावाचं एक औषध, आणि हे त्रिकूट १९ जातींच्या विषावर उंदरांत तपासलं. १३ जातींपासून पूर्ण संरक्षण मिळालं, उरलेल्या ६ पासून अर्धवट.

वाचायला फार भारी, आणि आहेच भारी. पण नीट बघा, तिन्ही ठिकाणी वाचले ते उंदीर, आणि तिन्ही ठिकाणी साप नाग-मण्यारीच्या घराण्यातले. तुमच्या मेव्हण्यांना चावली ती घोणस, ती आणि फुरसं हे वेगळं घराणं, त्यांचं विष रक्त आणि किडनीवर जातं आणि त्यात एक-दोन नाही, वेगवेगळ्या कामांची अनेक एन्झाइम्स असतात, एका अँटिबॉडीनं सगळी धरता येत नाहीत. त्यामुळे 'सगळ्या सापांना चालते' हे बातमीदारानं आपल्या पदरचं घातलंय. आपल्याकडे कधी या प्रश्नाला तारीख देता येत नाही, आधी माणसांवरच्या ट्रायल, तोवर घोडाच. यात माणसांपर्यंत पोचलेलं आहे ते व्हॅरेस्प्लॅडिब, त्याची गोळी भारतात आणि अमेरिकेत खऱ्या रुग्णांना नेहमीच्या लशीसोबत देऊन बघितली. ट्रायलच्या मुख्य निकषावर फरक दिसला नाही, पण चावल्यानंतर लवकर गोळी मिळालेल्यांमधे फायद्याची चिन्हं होती. माझं लक्ष जास्त यावर आहे, कारण गोळी फ्रीजशिवाय गावच्या आरोग्य केंद्रात राहू शकते आणि दवाखान्याच्या वाटेवर देता येऊ शकते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजार, बहुतेक खेड्यातली आणि त्यातली बरीचशी दवाखान्यात पोचायच्या आधीच. तिथे अँटिबॉडी कितीही हुशार असून उपयोग नाही. दारं धरायला जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि बॅटरी, हे मात्र आजच्या आज होण्यासारखं आहे.

चिंचवडहून: माझ्या सासऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. ओळखीतल्या एकानं सांगितलं की भारतात आता कार-टी थेरपी आलीये, ४० लाखात कॅन्सर मुळासकट जातो. मिस्टर गावाकडची जमीन विकायचं म्हणतायत. काय करू?

ताई, या कारणासाठी जमीन विकू नका. हे कोरडं वाटेल, पण स्पष्ट सांगणं बरं.

कार-टी खरी आहे आणि त्यात आपल्या लोकांनी केलेलं काम अभिमान वाटावा असंच आहे. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून नेक्सकार-१९ तयार केली, ऑक्टोबर २०२३ मधे तिला मंजुरी मिळाली, अमेरिकेत याच प्रकारच्या उपचाराला तीन-चार कोटी लागतात तिथे आपल्याकडे ४० लाखांच्या आसपास. जानेवारी २०२५ मधे बंगळुरूच्या एका कंपनीची दुसरी आली. रुग्णाच्या रक्तातल्या टी-सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मशिननं वेगळ्या काढतात, लॅबमधे एका निकामी केलेल्या व्हायरसच्या मदतीनं त्यांच्यात नवीन जीन घालतात, त्या जीनमुळे पेशीच्या बाहेर एक हूक तयार होतो जो सीडी-१९ नावाची खूण असलेल्या पेशीलाच पकडतो, मग अशा पेशी वाढवून रुग्णाला परत सलाइनसारख्या चढवतात. नेक्सकारच्या ट्रायलचे निकाल २०२५ मधे आले, ७३ टक्के रुग्णांमधे उपचाराला प्रतिसाद मिळाला, आणि हे रुग्ण म्हणजे बाकी सगळे उपचार करून थकलेले.

पण सीडी-१९ ही खूण असते बी-सेल्सवर, म्हणजे अँटिबॉडीज बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर. म्हणून ही थेरपी चालते बी-सेलच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरवर, तेही परत उलटलेल्या. त्यात निरोगी बी-सेल्स पण मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस काही काळ काढू शकतो, वरून अँटिबॉडीज देता येतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर अशी सोयीची खूण नाही, त्याच्यावर जी प्रोटीन्स असतात ती थोड्याफार प्रमाणात निरोगी फुफ्फुसावर किंवा आणखी कुठेतरी असतातच, त्यावर सोडल्या तर या पेशी रुग्णाचंच फुफ्फुस खायला उठतील. शिवाय घट्ट गाठीच्या आत शिरणं त्यांना जमत नाही, शिरल्या तरी आत जाऊन ढेपाळतात. जगभर यावर काम चालू आहे, काही ठिकाणी ट्रायलही, पण पैसे भरून विकत घेता येईल असा फुफ्फुसासाठीचा कार-टी उपचार भारतात नाही. कोणी देतो म्हणत असेल तर काय देतोय ते लेखी मागा. आणि ट्रायल असेल तर एक लक्षात ठेवा, ट्रायलच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

त्यापेक्षा डॉक्टरांना हे विचारा, बायॉप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके वगैरे जीनच्या टेस्ट झाल्यात का, आणि पीडी-एल१ नावाचं प्रोटीन बघितलंय का? फुफ्फुसाच्या कॅन्सरमधे पहिल्या दोनपैकी काही निघालं तर त्यावर नेमक्या गोळ्या आहेत, चौथ्या स्टेजलाही बऱ्याच लोकांना चांगले दिवस मिळतात, आणि तुकडा आधीच काढलेला असतो म्हणजे बऱ्याचदा परत सुईसुद्धा लागत नाही. काही घरी ही टेस्ट खर्चिक म्हणून राहून जाते आणि नंतर त्याच्या कितीतरी पट पैसा भलतीकडे जातो. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

सदाशिव पेठेतून एक आजोबा (पोस्टकार्डावर, अक्षर मोत्यासारखं): आपण दर अंकात उंदरांचे दाखले देता. माणसाच्या औषधासाठी मुक्या जनावरांना आणखी किती वर्षे छळणार? अमेरिकेने हे बंद केल्याचे ऐकतो. मग पुण्यातील प्रयोगशाळा कशाची वाट पाहत आहेत?

आजोबा, बंद केलेलं नाही, सक्ती काढलीये. डिसेंबर २०२२ मधे अमेरिकेत कायदा बदलला, माणसावर ट्रायल सुरू करण्याआधी प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे ही अट गेली, आणि एप्रिल २०२५ मधे तिथल्या एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं अँटिबॉडी प्रकारच्या औषधांपासून प्राण्यांचा वापर टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरवलं. आणि आपण वाट बघत बसलो नाही, मार्च २०२३ मधे भारतानंही नियमात दुरुस्ती केली, त्यात मानवी पेशींचे ऑर्गनॉइड (ते काय ते खाली सांगते), चिपवरचे अवयव, कंप्युटर मॉडेल असे पर्याय चालतील असं आलं.

उंदरांची बाजू घेऊन भांडायला मला आवडणारही नाही, कारण उंदीर आणि माकडं कधीकधी भलतंच सांगतात. २००६ मधे लंडनला टीजीएन१४१२ नावाची एक अँटिबॉडी सहा धडधाकट तरुणांना दिली, माकडांना जो डोस सहन झाला होता त्याच्या ५०० वा हिस्सा, आणि काही तासांत सहाही जण आयसीयूत, अवयव निकामी व्हायला लागलेले. जीव वाचले सगळ्यांचे, पण हाल फार झाले. पुढे कळलं की ज्या खुणेवर हे औषध बसतं ती माणसाच्या एका प्रकारच्या टी-सेल्सवर असते आणि त्या माकडांच्या तसल्याच टी-सेल्सवर नसते. माकडं बिचारी खरंच बोलत होती, आपल्यापुरतं. उलट बाजूनं, ऑर्गनॉइड म्हणजे स्टेम सेलपासून वाढवलेला आतड्याचा नाहीतर लिव्हरचा मोहरीएवढा तुकडा, त्याची सुरवात हॉलंडमधे हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमधे २००९ साली आतड्यापासून झाली. त्यात माणसाच्याच पेशी असतात हे खरं, पण त्याला रक्तपुरवठा नाही, इम्युन सिस्टिम नाही, ताप येत नाही, गर्भ राहत नाही. एक औषध लिव्हरला किती त्रास देईल हे तो बऱ्यापैकी सांगेल, पण तेच औषध खाऊन आईच्या पोटातल्या बाळाचं काय होईल हे नाही सांगणार. त्यामुळे पुढची बरीच वर्षं दोन्ही चालेल असं मला दिसतंय, प्राणी कमी होत जातील, शून्य नाही. सध्याही आपल्याकडे प्रत्येक संस्थेत एथिक्स कमिटी असते, इतकेच उंदीर का, कमी का नाही, वेदनाशामक काय देणार, हे सगळं लिहून मंजूर झाल्याशिवाय पिंजरा उघडता येत नाही. कागदावर चोख आणि प्रत्यक्षात मात्र कमिटी-कमिटीत फरक असतो, हे मान्य.

आणि सगळेच प्रयोग उंदरांवर होतात असं पण नाही. तुमच्या घरापासून फार लांब नाही, लॉ कॉलेज रोडपाशी आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरंच काम झालंय. जेमतेम काही मिलिमीटरचा, गोड्या पाण्यातला, मेंदू नसलेला जीव, त्याचे तुकडे केले तर तुकड्यांतून नवे हायड्रा वाढतात. इथल्या पाण्यातून मिळालेली त्याची एक जात जगभरच्या पेपर्समधे 'हायड्रा व्हल्गारिस इंड-पुणे' अशी लिहिली जाते. एखादं रसायन विषारी आहे का हे अशा जिवावर आधी बघता येतं, मग निदान जे सरळच विषारी आहे ते उंदरापर्यंत जात नाही. परवानगी घेऊन बघायला मिळालं तर जरूर जा, मायक्रोस्कोपखाली फार सुंदर दिसतात.

शिवाजीनगरहून, बीएस्सी बायोटेक, दुसरं वर्ष: ताई मला कॅन्सर रिसर्चमधे जायचंय पण कॉलेजच्या लॅबमधे पीसीआर मशिन फक्त लांबून दाखवतात. पुण्यात कुठे शिकायला मिळेल? आणि पुढे स्कोप आहे का?

पुण्यात राहून हा प्रश्न पडावा! विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, देशभरच्या लॅब कॅन्सरच्या पेशी तिथूनच मागवतात, वर आयसर, आघारकर, एनसीएल, एनआयव्ही. सगळ्यांच्या वेबसाइटवर समर ट्रेनिंगच्या जाहिराती येतात, बऱ्याचदा हिवाळ्यातच येऊन जातात, म्हणून दिवाळीपासूनच बघत राहा. पीएचडी करायची तर एमएस्सीनंतर नेट, गेट, डीबीटी-जेआरएफ या परीक्षा आहेत. स्कोपचं म्हणशील तर पैसा उशिरा येतो आणि फेलोशिप तर कधीकधी त्याहून उशिरा, घरी हे आधीच सांगून ठेव. तोवर कॉलेजमधे मशिन नसलं तरी पिपेट असेल, त्यावर हात बसव आणि स्टॅटिस्टिक्स मनापासून शिक, तिथेच बहुतेक पोरं मार खातात. मेल करताना एकच मेल चाळीस प्रोफेसरांना एकदम पाठवू नकोस, त्यांचा एखादा पेपर वाच आणि त्यातलं काय कळलं नाही ते विचार, उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते. आणि समोर मॅडम असतील तर 'डियर सर' लिहू नकोस रे.